दोनशे पिक्सेलांचं नाटक

सकाळचे साडेदहा वाजलेत. डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलोय आणि शेजारी माझी भाची काम करतेय. निदान तिचं म्हणणं तसं आहे. तिच्या आईचं, म्हणजे माझ्या ताईचं, म्हणणं वेगळं. "दिवसभर चित्रं बघत बसते आणि लोक तिला त्याचे पैसे देतात," ही ताईची तक्रार. "तूच बस जरा तिच्यापाशी, बघ काय करते ती, आणि मला सांग." मी उभा जन्म मुद्रितशोधक म्हणून काढला. दुसऱ्याच्या कामावर डोळा ठेवायचा हाच आमचा धंदा, तेव्हा नेमणूक चुकलेली नाही.

टेबलावर दोन पडदे आहेत. डावीकडच्यावर काम: एका हौशी नाट्यसंस्थेची वेबसाइट. संस्थेला जुन्या गाजलेल्या नाटकांचा महोत्सव भरवायचाय आणि साइट 'त्या काळातली वाटली पाहिजे' असा कार्यकारिणीचा हट्ट आहे. त्या काळात साइट नव्हत्या हे त्यांना कोणी सांगावं! उजवीकडच्या पडद्यावर मात्र नुसतं हिंडणं. ब्राउझरमध्ये इतके टॅब उघडलेत की एकाचंही नाव वाचता येत नाही, नुसती बारीक चिन्हांची रांग दिसते. कोपऱ्यात 'डबा' नावाचं एक फोल्डर आहे. आवडलं की ओढायचं आणि डब्यात टाकायचं.

"यातलं नाटकाच्या कामाचं कुठलं?" मी विचारतो.

"ते आधी कसं कळणार, मामा?" नजर पडद्यावरच.

एक गोष्ट मात्र मी टिपून ठेवतो. चित्र डब्यात टाकताना ती त्याचं नाव बदलते: कोणी केलं, कधी केलं, कशावर केलं. यातलं काही सापडलं नाही तर शोधत बसते. दहा मिनिटं शोधूनही कर्त्याचा पत्ता लागला नाही, तर फाइलच्या नावात पहिला शब्द घालते: 'अनामिक'. टाइमपास करणारं माणूस एवढी उस्तवार करत नाही.

"हे बघ," म्हणत ती एक पान मोठं करते. चौकटीच्या वहीचं पान, पेन्सिलीने भरलेले चौकोन, त्यांतून उमटलेला एक हात, एक कात्री. सुझन केअर या बाईंनी १९८३च्या सुमारास ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशसाठी ही चिन्हं काढली. बाई चित्रकला-शिल्पकलेतल्या, संगणकाशी संबंध नसलेल्या. चिन्हाला जागा ३२ × ३२ चौकोनांची, म्हणजे सगळे मिळून १०२४, आणि प्रत्येक चौकोन एक तर काळा नाही तर पांढरा. करडा रंगसुद्धा नाही. मला ताईची ठिपक्यांच्या रांगोळीची वही आठवते. तिला हे गणित समजावून सांगावं लागणार नाही. फरक इतकाच की केअरबाईंच्या वहीची पानं आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत.

पुढच्या चित्रात हिरवं मैदान आणि त्यावर पत्ते मांडलेले. हे मात्र मी ओळखतो. "सॉलिटेअर!"

"विंडोज ३.०, १९९०. पत्ते केअरबाईंचेच."

आमच्या छापखान्यात पहिला संगणक आला तेव्हा टाइप कोणालाच करता येत नव्हतं, पण पत्ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना येत होते. साहेबांच्या चपला वाजल्या की हिरवं मैदान गुडूप. ज्या राजा-राणीला मी कित्येक दुपारी एकमेकांवर चढवलं, ते काढणारा हात कोणाचा, हे आज मला भाचीकडून कळतंय.

तिची बोटं पुढे सरकलेली असतात. शिगेताका कुरिता, जपान, १९९९, मोबाइल फोनसाठी १७६ इमोजी, प्रत्येकाला जागा १२ × १२. तेही त्याच म्युझियममध्ये. मग 'स्पेस जॅम' या सिनेमाची १९९६ची वेबसाइट उघडते. काळ्या आकाशावर चांदण्या, त्यांत गोल फिरवून मांडलेले ग्रह, एकेका ग्रहावर क्लिक करायचं. २०२१मध्ये सिनेमाचा पुढचा भाग आला तेव्हा नवी साइट झाली, पण जुनी पानं काढून टाकली नाहीत, बाजूला हलवून जिवंत ठेवली. "इतकी कुरूप आहे की छान आहे," ही बया म्हणते. मला नुसतीच कुरूप दिसते. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या एका जाहिरातीला कोणी कचऱ्यात टाकलं नाही, याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडे परवाच्या नाटकाची जाहिरात आज शोधून दाखवा.

साडेअकराला नाट्यसंस्थेच्या चिटणीसांचा मजकूर येतो. पीडीएफ आहे. वाचायला मराठी, पण तिथून उचलून इकडे चिकटवलं की इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांचा काला. हा रोग माझ्या परिचयाचा आहे. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट काढून घेतला की खालचं सोंग उघडं पडतं. भाची तो मजकूर एका कन्व्हर्टरमधून काढते आणि डाव्या पडद्यावर ओतते. आता माझी पाळी. मी खुर्ची पुढे ओढतो.

'महोत्सव' हा शब्द तुकड्यांत उभा आहे. म, हो, त्स, व. प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली आखूड रेघ आणि मध्ये फट. "ही शिरोरेषा कोणी तोडली?" माझा आवाज जरा चढतो. छापखान्यात असं गेलं असतं तर फोरमनने खिळे अंगावर फेकले असते.

ती हसते आणि कोडमधली एक ओळ दाखवते. लेटर-स्पेसिंग, दोन पिक्सेल. हा साचा इंग्रजीसाठी बनलेला आहे. इंग्रजीत दोन अक्षरांमध्ये थोडी हवा ठेवली की शीर्षक ऐटबाज दिसतं. तिथली अक्षरं सुटीच असतात. आपली अक्षरं एका रेघेला लटकलेली. हवा सोडली की रेघच तुटते. ती दोनाच्या जागी शून्य टाकते आणि शब्द पुन्हा एकसंध होतो. "आता मोठमोठ्या कंपन्यांच्या मराठी साइट बघ," ती म्हणते, "ही फट तुला सगळीकडे दिसेल." उजव्या पडद्यावर ती एकामागून एक पानं उघडते. खरंच दिसते. आता आयुष्यभर दिसत राहणार.

मग 'कीर्ती'चा रफार वरून छाटला गेलेला सापडतो. शीर्षकाच्या चौकटीची उंची इंग्रजीच्या मापाने बेतलेली आहे. आपल्याकडे अक्षराच्या वर अजून मजले असतात: वेलांटी, रफार, एखादा अनुस्वार. ती उंची वाढवते. पुढच्या परिच्छेदात कन्व्हर्टरने 'दऱ्याखोऱ्यां'चं 'दर्याखोर्यां' करून ठेवलंय. शिवाजी महाराजांचे मावळे त्यामुळे समुद्रात उतरलेत. मी बोट ठेवत जातो, ती दुरुस्त करत जाते. आमची दोघांची अशी जोडी यापूर्वी कधी जमली नव्हती.

सगळ्यात गंमत पुढे आहे. मजकुरातले सगळे ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. मी म्हणतो, "फॉन्ट बदल." ती म्हणते, "फॉन्ट तोच ठेवते, बघ." पानाच्या कोडात अगदी वर, पान कोणत्या भाषेत आहे ते लिहिलेलं असतं. तिथे हिंदीची खूण आहे, 'एचआय'. ती तिच्याजागी 'एमआर' लिहिते आणि पान ताजं करते. पानभर पसरलेले ल एकदम पाकळीदार होतात, श आपलं मराठी वळण घेतात. एकही अक्षर पुन्हा टाइप केलेलं नाही. दोन्ही वळणं या फॉन्टात आधीपासून होती, फक्त कोणी मागितली नव्हती. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात देवनागरीची प्रमाण अक्षरवळणं ठरवून दिली, त्यांत मराठी ल आणि श आहेत. निर्णय कागदावर राहतो तो असा: कोडात दोन अक्षरं बदलायची तेवढी राहून जातात.

फॉन्टांचा विषय निघालाच आहे, तर ती डब्यातला एक कप्पा उघडते. इथे 'अनामिक' एकही नाही. 'पॉपिन्स' नावाचा गोल, भूमितीच्या वळणाचा फॉन्ट जगभरच्या साइटवर आणि जाहिरातींत ठिकठिकाणी दिसतो. तो अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. इंग्रजी अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांची, देवनागरी निनाद काळे यांची. वापरणाऱ्यांतल्या फार थोड्यांना त्यात देवनागरी आहे हे ठाऊक असावं. 'मोदक' हा मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा, इतका गुबगुबीत की अक्षरांच्या पोटातली जागा चिरेएवढी उरते. त्यांचाच 'बालू', नऊ भारतीय लिप्यांत एकाच अंगकाठीचा. आणि 'यात्रा वन'. हा पाहिल्यावर मी थबकतो, कारण ही अक्षरं मी रोज बघत आलोय. मुंबईच्या लोकलच्या परिसरातल्या हाताने रंगवलेल्या पाट्या पाहून कॅथरीन ली श्मिट या बाईंनी हा फॉन्ट केला. आपण त्या पाट्यांखाली उभं राहून गाडीची वाट बघितली. बघणारीने पाटी बघितली.

"आणि हा तुझा," ती म्हणते. मंगल. विंडोज २०००बरोबर घरोघरी पोचलेला देवनागरी फॉन्ट, र. कृ. जोशींचा. जोशी सांगलीचे, जाहिरातीतून आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात शिकवायला आलेले, वर मराठी कवी. मंगल दिसायला काही देखणा नाही, हे माझं मत मी तिला सांगतो. ती मान्य करते. पण त्या काळातल्या खरबरीत पडद्यावर जोडाक्षर न फुटता उभं राहणं हीच मोठी गोष्ट होती, हेही ती मला सांगते, आणि ते मला मान्य करावं लागतं.

दीड वाजता ताईची हाक येते. पोळ्या, फरसबीची भाजी, ताक. भाचीचा फोन ताटाशेजारी. ताई डोळे वटारते, पण मी आज सरकारी साक्षीदार असल्यामुळे मला बघण्याची मुभा आहे. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी येणार नसल्याची इंग्रजी नोटीस कॉमिक सॅन्स फॉन्टात आलीय. त्या फॉन्टाला जगभरचे डिझायनर हसतात, पण तो करणाऱ्या व्हिन्सेंट कॉनेअरचा त्यात दोष नाही. १९९४मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका घरगुती प्रोग्राममधला कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलताना पाहून त्याला ते विजोड वाटलं, म्हणून त्याने कॉमिक्सच्या फुग्यांतल्या अक्षरांसारखी अक्षरं काढली. पुढे ४ जुलै २०१२ रोजी सर्नमध्ये हिग्ज बोसॉन सापडल्याचं जगाला सांगितलं गेलं, तेव्हा फाबिओला जियानोत्ती यांच्या स्लाइडही कॉमिक सॅन्समध्ये होत्या. "मग आपल्या टाकीचं पाणी काय मोठं," ताई म्हणते.

खालोखाल एक मीम. 'अशी ही बनवाबनवी'तला प्रसंग, वर कोणीतरी आजच्या राजकारणावरची ओळ चिकटवलेली. १९८८चा सिनेमा, आणि मराठी मीमचा निम्मा कारखाना अजून त्या एकट्याच्या जिवावर चालतो असं मला वाटायला लागलंय. चित्र मात्र इतक्या हातांतून फिरलंय की लक्ष्याच्या शर्टावरची नक्षी गेली, नुसते चौकोन उरले. ती ते डब्यात टाकत नाही. "याचं काय करू? धुऊन धुऊन विटलंय."

दुपारचं काम रंगांचं. महोत्सवाच्या पानाला मागे पडद्यासारखा जांभळा हवाय. ती कोडमध्ये रंगाचं नाव टाइप करते: रिबेकापर्पल. पडदा खोल, जरा करडेपणाकडे झुकणाऱ्या जांभळ्याने भरतो. सहा-सहा, तीन-तीन, नऊ-नऊ, असा त्याचा आकडा. वेबच्या रंगांना अशी दीडशेच्या आसपास नावं आहेत, टोमॅटो, चॉकलेट वगैरे, बहुतेक जुन्या संगणकांकडून वारशाने आलेली. हे एक नाव तसं नाही. वेबपानांच्या मांडणीची सीएसएस नावाची जी भाषा आहे, ती ज्यांच्या पुस्तकांवरून जगभरचे लोक शिकले त्या एरिक मेयर यांची मुलगी २०१४च्या जूनमध्ये गेली, तिच्या सहाव्या वाढदिवशी. जांभळा तिचा आवडता. धंद्यातल्या लोकांनी मागणी केली आणि त्याच महिन्यात तिच्या नावाचा रंग सीएसएसमध्ये दाखल झाला. रंगाला आधी नुसतं तिचं हाक मारायचं नाव, 'बेका', ठेवायचं होतं, पण आपण सहा वर्षांच्या झालो की मोठ्या होणार आणि मोठ्या मुलीला रिबेका म्हणायचं, असं तिने बजावलेलं होतं; आणि काही तास का होईना ती सहा वर्षांची झाली होती, म्हणून वडिलांनी पूर्ण नाव सांगितलं. मी ऐकून काही बोलत नाही. जगातला कुठलाही ब्राउझर आज ते नाव ओळखतो. ती रंग तसाच ठेवते.

चार वाजता चहा येतो आणि खरं संकट उभं राहतं. महोत्सवाचं शीर्षक फॉन्टात चालणार नाही. साठ-सत्तरच्या दशकांत वर्तमानपत्रांत नाटकांच्या जाहिराती यायच्या तेव्हा प्रत्येक नाटकाचं नाव वेगळ्या अक्षरांत यायचं, आणि नाटक ऐतिहासिक आहे की फार्स आहे की बाईच्या दुःखाचं आहे ते नाव वाचायच्या आधी अक्षरांच्या ठेवणीवरून कळायचं. यातली कितीतरी नावं कमल शेडगे यांच्या हातची. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरी आणि बाजूला नाटकं, सिनेमे, मासिकं, पुस्तकं यांची शीर्षकं. 'माझी अक्षरगाथा' हे त्यांचं पुस्तक. २०२०च्या जुलैत ते गेले. भाचीला त्यांची नक्कल करायची नाही, तिला फक्त नीट बघायचंय: निब कुठे टेकला, कुठे उचलला, कोपरा कापताना ब्रश कसा वळवला.

ती शोधते. सापडतातही जाहिराती. पहिली उघडते: रुंदी दोनशे पिक्सेल. दुसरी एकशे ऐंशी. तिसरी पाचशे, पण वर कोणीतरी आपल्या पेजचं नाव आडवं छापलंय. चौथी म्हणजे वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोनवर काढलेला फोटो, त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, आणि कात्रण धरणाऱ्याचा अंगठा.

"इकडे ये, तुला दाखवते," ती म्हणते आणि दोनशे पिक्सेलांच्या नाटकात शिरते. आठपट मोठं. अक्षर आता अक्षर राहत नाही. वेलांटीच्या कडेला करड्या रंगाची घाण, माशा बसल्यासारखी नाही, शिस्तीत, चौकोन चौकोन करून बसलेली. जेपीईजी नावाच्या पद्धतीत चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यातलं डोळ्याला फारसं जाणवणार नाही ते बारीकसारीक काढून टाकतात, म्हणजे फाइल हलकी होते. फोटोतल्या आकाशाला हे सोसतं. काळ्या अक्षराच्या धारदार कडेला नाही सोसत. आणि दर वेळी कोणी ते उतरवून घेऊन पुन्हा पुढे पाठवलं की पुन्हा काटछाट. निबचं टोक जिथे कागदावरून उचललं गेलं ती जागा ती मला दाखवायचा प्रयत्न करते. तिथे सहा चौकोन आहेत, करडे. ण आहे की ष आहे तेसुद्धा मी शेजारच्या अक्षरांवरून ठरवतो.

"आता हे बघ." उजव्या पडद्यावर दुसरं पान. रवि वर्मा छापखान्याचं एक देवीचं चित्र, लंडनच्या वेलकम कलेक्शनमधलं. ती मोठं करते. अजून मोठं. साडीच्या काठातला रंग ठिपक्याठिपक्यांनी कसा चढवलाय, एका दगडावरचा रंग दुसऱ्या दगडाशी केसभर चुकल्यामुळे बांगडीची कड कशी दुहेरी झालीय, कागद कुठे पिवळा पडलाय, सगळं दिसतं. उतरवून घ्यायला फुकट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनेही २०१७पासून, हक्कमुक्त कलाकृतींची चित्रं अशीच खुली करून टाकलीत. आणि हा छापखाना होता कुठे? आधी मुंबईत, मग मळवलीला, लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन. डोंबिवलीहून दोनेक तासांवर. छापखाना १९७२च्या आगीत गेला. मळवलीला छापलेलं चित्र बघायचं तर लंडनचं दार ठोठवायचं, आणि ते दार लगेच उघडतं हे विशेष.

ती डबा उघडते आणि आपल्याकडचं जेवढं आहे ते माझ्यासमोर मांडते. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं: मडगावात जन्मलेला हा चित्रकार, १९४५पासून 'दीपावली' काढणारा. रघुवीर मुळगावकर, तेही गोव्याचेच. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं सिनेमाचं पोस्टर. अंबरनाथच्या विम्को कारखान्याच्या काडेपेट्यांवरची लेबलं. ही त्यातल्या त्यात बरी आहेत, कारण परदेशातल्या एका संग्राहकाने नीट स्कॅन केलीत. बाकी बहुतेक चित्रं टपाल तिकिटाएवढी. आणि फाइलींची नावं मी वाचत जातो: अनामिक. अनामिक. अनामिक, बहुधा १९६०नंतर. अनामिक, पुण्यातला ब्लॉकमेकर. सकाळच्या जपानी आणि अमेरिकी चित्रांपैकी एकाचंही नाव असं नव्हतं.

मला याचं नवल वाटत नाही, कारण मी त्या बाजूचा साक्षीदार आहे. शीर्षक चित्रकाराने कागदावर काढलं की त्याचा झिंकचा ब्लॉक व्हायचा. तो ब्लॉक खिळ्यांच्या चौकटीत बसवून जाहिरात छापायची. प्रयोग चालू असेपर्यंत ब्लॉक टेबलाच्या खणात, नाटक बंद पडलं की मागच्या खोलीत पोत्यात. मूळ कागद कोणी मागायचं नाही, चित्रकारही नाही. ऑफसेट आलं तेव्हा आमच्याकडची ती पोती भंगारवाल्याला किलोवर विकली गेली. झिंकला बरा भाव होता. त्या पोत्यांत कोणाकोणाची अक्षरं होती याची यादी करावी असं कोणालाही सुचलं नाही. चित्रकाराचं नाव जाहिरातीत छापायची रीत नव्हती, तेव्हा यादी करायला बसलं असतं तरी किती नावं मिळाली असती कोण जाणे.

भाची ऐकून घेते, मग पडद्यावरचं सगळं बंद करते आणि कागद पुढे ओढते. सहा वाजलेत. कापलेल्या टोकाचा पेन, काळी शाई. "मामा, जाहिरातीतला ह आठवतोय तुला? पोट कसं असायचं?" मला आठवतोय. मी हवेत बोटाने काढून दाखवतो, ती कागदावर काढते, मी 'अजून जरा बसकं' म्हणतो. पाचसहा ह झाल्यावर एक पसंत पडतो. कागद स्कॅनरवर जातो, तिथून पडद्यावर, आणि आता ती त्याच्या कडेने वक्ररेषा बसवत जाते. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए या इंजिनिअरने १९६०च्या दशकात मोटारीच्या पत्र्याला वळण देण्यासाठी रूढ केलेल्या या रेषा. जगातला जवळजवळ प्रत्येक फॉन्ट आज यांच्या जातीच्या रेषांवर उभा आहे. रेषा कितीही ताणा, कड फाटत नाही. नाट्यमहोत्सवाचं 'म' आणि 'हो' सातच्या सुमाराला उभे राहतात. चांगले दिसतात. खऱ्या जुन्या अक्षरांइतके चांगले नाहीत, हे तिलाही कळतं आणि मलाही.

ताईला मी काय सांगणार ते ठरलंय: पोरगी दिवसभर चित्रं बघते, आणि पैसे कमी घेते.

वाचकांना सांगायचं ते वेगळं. तुमच्याकडे जुन्या नाटकांची तिकिटं, हँडबिलं, जाहिरातींची कात्रणं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, काडेपेट्यांची लेबलं असं काही असेल तर रद्दीत घालण्याआधी एकदा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. त्याच्याकडे स्कॅनर असतो. सहाशे डीपीआय म्हणा, रंगीत म्हणा, फाइल टिफ किंवा पीएनजी मागा. कात्रण असेल तर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, आणि चित्रकार कोण हे घरातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असेल तर आजच विचारून घ्या. सगळं सरसकट इंटरनेटवर टाकू नका. आपल्या कायद्याने चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे १९७१ साली गेलेल्या दलालांच्या चित्रांवरचा २०३१ संपेपर्यंत. पण स्कॅन करून जपून ठेवायला कोणाची ना नाही. आणि कोणाला पाठवायचंच असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइल आहे तशी पोचते.